चिंधीतून चित्र : माल फुकटात, पण हात फुकट नव्हे

शिलाईच्या कारखान्यात दिवसभर कात्री चालते आणि संध्याकाळी टेबलाखाली जो ढीग उरतो, तो गोणीत भरून वजनावर विकला जातो. पांढरी सुती चिंधी यंत्रे पुसण्यासाठी वर्कशॉपमध्ये जाते. लोकरी व मिश्र माल हरियाणातील पानिपतला जातो. तेथे तो पिंजून पुन्हा सूत काढतात व त्या सुताच्या स्वस्त ब्लँकेटी निघतात. ज्या तुकड्यांना कोणीच विचारत नाही ते कचऱ्यात. धारावीतील शिलाईखाती असोत, भिवंडीचे फेंटवाले असोत किंवा आपल्या मोहल्ल्यातला एका मशीनवर बसणारा टेलरमास्तर असो, हा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे.

याच ढिगातून एक छोटा गृहउद्योग उभा राहू शकतो. निवडलेल्या तुकड्यांचे चित्र जुळवायचे, ते जाड कॅनव्हासवर हाताने शिवायचे आणि लाकडी चौकटीवर ताणून भिंतीवर लावण्याजोगी वस्तू तयार करायची. चित्रकार मंडळी याला कापडी कोलाज म्हणतात. भांडवल कमी लागते व मशीनची गरज नाही. शिलाई येणाऱ्या आपल्या घरच्या स्त्रिया हे काम आठवड्याभरात शिकतील. परंतु यातील हिशोब नीट समजून न घेता उडी घेतली तर व्यापाऱ्याला चार पैसे सुटतील आणि शिवणारी बाई कोरडीच राहील. म्हणून कृतीबरोबर हिशोबही मांडतो.

कैरोचा तंबूवाल्यांचा बाजार

कामाची कल्पना नवी नाही. इजिप्तमध्ये कैरो शहराच्या जुन्या भागात बाब झुवैला नावाचा वेशीचा दरवाजा आहे. त्याच्या समोरच्या अंगाला सतराव्या शतकातला छताखालचा बाजार लागतो. त्याला शारा-अल-खयामिया, म्हणजे तंबूवाल्यांचा रस्ता म्हणतात. उर्दू शिकलेल्यांना 'खैमा' शब्द ठाऊक असतोच. खैमे शिवणारा तो खय्याम. शायर उमर खय्याम यांच्या नावातही तोच धंदा दडलेला आहे.

तेथील कारागीर जाड सुती कॅनव्हासवर रंगीत कापडाचे कापलेले आकार शिवतात. नक्षी आधी कागदावर काढतात, रेषांवर सुईने भोके पाडतात आणि कागद कॅनव्हासवर ठेवून त्यावरून भुकटी फिरवतात. नक्षी ठिपक्यांत खाली उतरते. मग कापडाची कड सुईच्या टोकाने आत मोडत मोडत बारीक टाक्यांनी बसवत जातात. पूर्वी या कामाने तंबू व मंडप सजत असत. नंतर त्याच नक्षीचे छापील कापड निघाले आणि मंडपवाल्यांनी ते पसंत केले, कारण ते कितीतरी स्वस्त. कारागिरांनी छापील कापडाशी भावात झुंज दिली नाही. उशांचे अभ्रे आणि भिंतीवरचे पडदे असा लहान माल काढून ते परदेशी पाहुण्यांना विकू लागले. २०११ च्या उठावानंतर पाहुणे आटले तेव्हा याच रस्त्यावर मंदी आली. एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर विसंबण्यात काय धोका असतो हे यावरून ध्यानात येईल.

जवळचे उदाहरण कर्नाटकातील सिद्दींचे. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत त्यांची वस्ती आहे. त्यांच्या स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची कवंद नावाची गोधडी शिवतात. शिलाई कडेपासून सुरू होऊन आत आत सरकते आणि चारही कोपऱ्यांवर घड्यांची छोटी 'फुला' लावल्याशिवाय कवंद पुरी झाली असे त्या मानत नाहीत. आपल्याकडची गोधडी याच घराण्यातली. म्हणजे हात आपल्याकडे आहे. फक्त त्याला नवा आकार द्यायचा आहे.

चिंधी कुणाची?

मालाला हात लावण्यापूर्वी हा प्रश्न विचारावा. गिऱ्हाइकाने कापड आणून दिले, आपण सदरा शिवला, तर उरलेला तुकडा गिऱ्हाइकाचा. ती अमानत आहे. शिंप्यांच्या बाबतीत जे टोमणे जगभर मारले जातात ते यावरूनच. 'उरलेल्या तुकड्यांची आम्ही चित्रे करतो, ठेवू का?' एवढे विचारायला कितीसा वेळ लागतो? बहुतेक लोक खुशीने हो म्हणतात. एखादा असाही निघेल की, 'आमच्या मुलीच्या निकाहच्या जोड्यातले तुकडे आहेत, त्यांचे चित्र आम्हालाच करून द्या' म्हणेल. अशी ऑर्डर दुकानातल्या विक्रीपेक्षा चांगली, कारण माल बनण्याआधी विकलेला असतो.

जॉबवर्क करणाऱ्यांनी चिंधी कुणाकडे राहील ते पार्टीशी आधीच ठरवून घ्यावे, आणि तोंडी नको, चलनावर लिहून घ्यावे. ज्या तुकड्यावर एखाद्या कंपनीचे नाव किंवा खूण छापली आहे तो सुंदर असला तरी वापरू नये.

निवड आणि धुलाई

गोणीभर चिंधीतून चित्राच्या कामाचे थोडेच निघते. तळहाताएवढ्या तुकड्यापेक्षा लहान असेल ते सहसा बाजूला टाकावे. होजिअरीचे ताणले जाणारे कापड नवशिक्याने घेऊच नये, कारण ते टाक्याबरोबर ओढले जाऊन सुरकुत्या पडतात. सुती कापड सर्वांत सोयीचे. आजकाल बाजारातला बराच माल मिश्र धाग्याचा असतो आणि नुसत्या डोळ्यांना फसवतो. ओळखायचे असेल तर चार धागे काढून चिमट्यात धरून जाळावेत. सुताला जळक्या कागदाचा वास येतो व मऊ राख पडते. पॉलिएस्टर वितळते आणि त्याची कडक गोळी बनते. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो. ही परीक्षा करावीच, कारण सुतासाठी तापवलेली इस्त्री पॉलिएस्टरवर टेकली की तुकडाही गेला आणि इस्त्रीही खराब झाली.

तुकडे व कॅनव्हास दोन्ही शिवण्याआधी धुऊन घ्यावेत. कोरा कॅनव्हास पाण्याने आटतो. शिवल्यावर तो आटला तर वरचे सारे काम फुगून येते. रंग पक्का आहे का हे पाहण्यासाठी तुकडा ओला करून पांढऱ्या मांजरपाटावर ठेवावा आणि वरून इस्त्री फिरवावी. खाली डाग उमटला तर तो तुकडा पुन्हा धुवावा, आणि तरीही उमटला तर सोडून द्यावा. लाल, काळा आणि गडद निळा यांच्यावर विशेष नजर ठेवावी.

चित्रकलेच्या दुकानात पांढरा लेप दिलेला तयार कॅनव्हास मिळतो. तो या कामाला घेऊ नये. त्यात सुई जड जाते आणि एकदा पडलेले भोक बुजत नाही. साधा, लेप नसलेला, मध्यम जाडीचा सुती कॅनव्हास मीटरवर घ्यावा. चौकटीवर आधी ताणून मग शिवायची घाईही नको, कारण कडेला लाकूड आडवे येते आणि मागून सुई धरता येत नाही. शिलाई आधी, ताणणे शेवटी.

जुळवणी आणि टाका

सुरुवातीला ८ बाय १० इंचाचे चित्र ठेवावे. कॅनव्हास १२ बाय १४ कापावा, म्हणजे चारही बाजूंना दोन इंच मोडायला मिळतात. विषय साधे असावेत. जुन्या वाड्याची खिडकी, दुकानात रचलेली थाने, होडी, अष्टकोनी तारा, वेलबुट्टी. सरळ कडांचे विषय नवशिक्या हाताला सोपे जातात.

एका चित्रात पाच ते सात कापडे पुष्कळ झाली. चांगल्या चिंध्या हाती आल्या की सगळ्याच घालाव्याशा वाटतात आणि चित्राची भेळ होते. छापील कापडाशेजारी एखादे सपाट रंगाचे ठेवावे, म्हणजे नजरेला विसावा मिळतो. तुकडे मांडून झाल्यावर डोळे अर्धवट मिटून पाहावे, किंवा मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढून पाहावा. सगळे एकाच करड्या रंगाचे दिसले तर गडद व फिका यांचा फरक कमी पडला आहे असे समजावे. मांडणी मनासारखी झाली की त्याचाही फोटो काढून ठेवावा, कारण तुकडे उचलल्यावर कोण कुठे होता ते आठवत नाही.

आता कापडवाल्याची गोष्ट. तुकड्याचा उभा धागा कॅनव्हासच्या उभ्या धाग्याला समांतर ठेवावा. तिरकस कापलेला तुकडा ओढ देतो आणि चौकटीवर ताणताच तिथे झोळ पडतो. चित्रासाठी तिरकस हवाच असेल तर त्याला आतून हलके बकरम लावावे. डिंकाने चिकटवून शिवण्याचा सोपा मार्ग काहीजण दाखवतात. त्याने कापड ताठ होते आणि डाग वर येतो. शिवाय सुई अडते. टाचण्या आणि कच्चा टाका हेच बरे.

मागचे मोठे तुकडे आधी, पुढचे लहान तुकडे नंतर. कड पाव इंच आत मोडून तुरपाईचे बारीक टाके घालावेत. हे काम वेळखाऊ पण टिकाऊ. दुसरा प्रकार म्हणजे कड तशीच मोकळी ठेवून थोडे आतून धावदोरा घालणे. त्यात धागे थोडे सुटतात, ते काहींना आवडते आणि वेळ निम्म्यावर येतो. शिवताना मध्यापासून कडेकडे जावे, म्हणजे सैल कापड बाहेर सरकते. सुई टोकदार व लांब नेढ्याची असावी, दोरा हातभरच घ्यावा, आणि अंगुस्तान्याशिवाय कॅनव्हासवर बसू नये. बोटे सुजली की दुसऱ्या दिवशीचे काम बुडते.

शिलाई झाल्यावर खाली टॉवेल पसरून चित्र पालथे ठेवावे आणि मागून इस्त्री करावी. टाके दबत नाहीत. चौकटीवर ताणताना प्रथम चारही बाजूंच्या मध्यभागी समोरासमोर एकेक पिन मारावी, मग कोपऱ्यांकडे सरकावे. एका बाजूने सलग पिना मारत गेले तर चित्र वाकडे बसते.

खरा हिशोब

या धंद्यातील पहिला गैरसमज असा की माल फुकटचा, म्हणून वस्तू स्वस्त. उदाहरणापुरते आकडे घेऊ. प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालून पाहावेत. समजा कॅनव्हास ४० रुपये, चौकट ९० रुपये, दोरा-सुई-पिना मिळून २० रुपये. झाले १५०. चिंधीचे शून्य धरू. निवड, धुलाई, जुळवणी, शिलाई, ताणणे मिळून सात तास लागले.

एखादा दुकानदार म्हणतो, 'चिंध्यांचे तर आहे, ३०० ला द्या.' हो म्हटले तर १५० वजा जाऊन १५० उरतात. सात तासांनी भागले तर तासाला २१ रुपये पडतात. नफा सोडाच, ही मजुरीही नव्हे. आणि हा घाटा कुणाच्या खात्यावर पडतो? ज्या बाईने डोळे फोडून टाके घातले तिच्या. घरी बसून काम करते, तिला कुठे भाडे पडते, असे म्हणणारे आपल्यातही आहेत. तिचा दिवस मात्र तेवढाच असतो.

उलट बाजूने मांडू. तासाला ६० रुपये धरले तर सात तासांचे ४२०. माल १५०. झाले ५७०. खराब निघालेले नग आणि नेण्या-आणण्याचा खर्च म्हणून ६० घाला. ६३० रुपयांच्या खाली देणे परवडत नाही. दुकानदार विक्रीच्या शंभर रुपयांतले ४० ठेवत असेल तर दुकानातली किंमत १०५० व्हायला हवी. एवढी किंमत येत नसेल तर मजुरी कापू नये. तास कापावेत. एकाच नक्षीचा जाड पुठ्ठ्याचा नमुना करून दहा नगांची कापणी एकदम करावी. कापणारा एक, शिवणारी दुसरी, ताणणारा तिसरा. कैरोचे कारागीर भोके पाडलेला कागद पुन्हा पुन्हा वापरतात, त्यामागेही हाच विचार आहे. नक्षी तीच राहिली तरी चिंधी वेगळी असते, त्यामुळे दोन नग सारखे दिसत नाहीत आणि गिऱ्हाइकाला 'एकच एक' वस्तू मिळते. सात तासांचे काम पाचांवर आले तर त्याच ६० च्या दराने मजुरी ३०० होते आणि दुकानातली किंमत ८५० वर उतरते.

मजुरी नगावर ठरवली तरी आधी घड्याळ लावून दोन नग शिवून पाहावेत आणि मग दर बांधावा. नग विकल्यावर पैसे देऊ, हा वायदा शिवणाऱ्यांशी करू नये. माल पडून राहण्याची जोखीम ज्याने धंदा मांडला त्याची.

दुकानात एक-दोन नमुने घेऊन जाण्यात अर्थ नाही. एकाच मापाचे, एकत्र शोभतील असे वीसएक नग तयार ठेवावेत. मागे छोटी चिठ्ठी शिवावी आणि तिच्यावर कापड कोणते, कुठून आले व कुणी शिवले ते लिहावे. उन्हात रंग उडतो, म्हणून खिडकीसमोर लावू नये, हेही त्यातच सांगावे. काचेत बसवून हवे असेल तर काच आणि कापड यांत बोटभर अंतर ठेवून चौकट करून द्यावी व तिचे पैसे वेगळे घ्यावेत.