मातीतले जीवाणू आणि एक इंजेक्शन

आमच्या केळझरला मृगाचा पहिला पाऊस पडला की काळ्या जमिनीतून वास सुटतो. तो स्ट्रेप्टोमायसिस जीवाणूंमुळे येतो, हे मला कॉलेजात आल्यावर कळले. मी कलाशाखेचा विद्यार्थी, पण या विषयात शिरण्याचे कारण निराळे आहे. शेजारच्या सहा वर्षांच्या पोराला रक्ताचा कर्करोग झाला. चिठ्ठीवरचे औषध त्याच्या वडिलांनी माझ्याकडून वाचून घेतले. ‘एल-ॲस्परॅजिनेज.’ वाचता आले, सांगता मात्र काही आले नाही.

हे एक विकर, म्हणजे एन्झाइम. ॲस्परॅजिन नावाचे अमिनो आम्ल निरोगी पेशी स्वतः तयार करतात. या कर्करोगाच्या पेशींना ते पुरेसे जमत नाही, म्हणून त्या रक्तातून घेतात. विकर रक्तातले ॲस्परॅजिन तोडते आणि त्या पेशी उपाशी मरतात. १९५३ साली जॉन किड यांना गिनीपिगच्या रक्तद्रवात हा गुण दिसला. पण गिनीपिग पाळून औषध किती पुरणार? १९६४ मध्ये ई. कोलाय जीवाणूतले विकरही तेच काम करते असे दिसले. मातीतल्या अनेक जीवाणूंतही ते असते.

शोधणे सोपे. माती पाण्यात कालवून, पातळ करून, ॲस्परॅजिन आणि फिनॉल रेड घातलेल्या आगरावर पसरतात. विकर असलेल्या जीवाणूभोवती अमोनिया सुटून गुलाबी कडे पडते.

खरी कसोटी पुढेच. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने तिथल्याच मातीतील स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिनापासून हमायसिन हे बुरशीनाशक काढले. तसले औषध द्रावकाने वेगळे करता येते. विकर पडले प्रथिन. तापले की अंड्याच्या पांढऱ्यासारखे गोठून निकामी होते. म्हणून सारे काम थंडीत, ४ अंशांच्या आसपास. पेशी फोडल्या की हजारो प्रथिने एकदम बाहेर पडतात. अमोनियम सल्फेट थोडे थोडे घालून ती टप्प्याटप्प्याने खाली बसवायची, डायलिसिसच्या पिशवीत क्षार काढायचे, मग कॉलममधून गाळायचे. दर पायरीला थोडे विकर वाया जातेच. लोणी कढवताना थोडे तूप बेरीत जाते तसे. मात्र मिलिग्रॅमभर प्रथिनामागे विकराची एकके वाढली पाहिजेत. शेवटी जीवाणूंच्या भिंतीतले विष काढावे लागते. ते राहिले तर सुईनंतर ताप भरतो.

एवढे समजल्यावर मी शेजारी गेलो. “काकाजी, हे औषध रोगाच्या पेशींले उपाशी ठेवते.”

“मंग पोराले जेवू घालाचं नाही का?”

मी चपापलो. म्हटले, तसे नाही. त्याच्या चांगल्या पेशी ते आम्ल स्वतःच करतात. डॉक्टर सांगतील ते सारे खाऊ द्या.