चाकांवरचे बिऱ्हाड

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ज्याला एका जागी ठावठिकाणा नाही, अशा मनुष्याविषयी बोलताना ती काहीशा थट्टेने वापरली जाते. परंतु आपले बिऱ्हाड आपणच वाहून नेण्याची हीच रीत न्यूझीलंड देशात प्रवासाचा एक लोकप्रिय प्रकार होऊन बसली आहे. निजण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली मोटार, जिला ‘कॅम्परव्हॅन’ म्हणतात, ती घेऊन लोक देशभर हिंडतात. आणि वाटेत समुद्र आला की मोटारीसह फेरीबोटीत शिरतात. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत चढणारी वाहने आपण पुष्कळदा पाहिली आहेत. तेच दृश्य मोठ्या जहाजावर कल्पावे. या प्रवासात काटकसर कशी साधते आणि तिची मर्यादा कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम वाहन पाहू. दिवसा जे बाक व टेबल असते, तेच रात्री जोडून बिछाना होतो. एका बाजूस गॅसची शेगडी, लहानसे मोरीपात्र व पाण्याची टाकी असते. दिव्यांसाठी दुसरी बॅटरी असून गाडी चालू असताना ती भरत जाते. जागा इतकी थोडी की प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवावीच लागते. येथे विज्ञानाचा एक धडाही ध्यानात ठेवावा. शेगडीचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. म्हणून गॅसच्या कप्प्याला तळाशी वायुमार्ग ठेवतात. तसेच थंडी वाजते म्हणून बंद गाडीत शेगडी पेटवून निजणे प्राणघातक ठरू शकते. कारण अपुऱ्या ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग असतो, ना वास.

आता समुद्र. न्यूझीलंडच्या उत्तर व दक्षिण या दोन मुख्य बेटांमध्ये कुकची सामुद्रधुनी आहे. सर्वांत अरुंद जागी तिची रुंदी अवघी २२ किलोमीटरच्या आसपास आहे. तथापि वेलिंग्टन ते पिक्टन हा जहाजाचा मार्ग सुमारे ९२ किलोमीटरांचा असून त्यास साधारणतः साडेतीन तास लागतात. कारण जहाजाला वेलिंग्टनच्या बंदरातून वळसा घेऊन बाहेर पडावे लागते आणि पलीकडे गेल्यावर समुद्रात बुडालेल्या नदीखोऱ्यांतून नागमोडी वाटेने पिक्टन गाठावे लागते. ‘आरामोआना’ हे वाहने थेट आत चालवत नेता येतील असे जहाज १९६२ साली या मार्गावर सुरू झाले. तत्पूर्वी मोटारी यारीने उचलून जहाजावर ठेवाव्या लागत.

अशा जहाजावर शिस्त कडक असते. गॅसची टाकी बंद करावी, हातब्रेक ओढावा आणि जहाज चालू असेपर्यंत वाहनांच्या मजल्यावर थांबू नये, असे नियम असतात. ते उगीच केलेले नाहीत. वाहने सहज ये-जा करू शकावीत म्हणून तो मजला बहुधा एकसलग, मोकळा ठेवलेला असतो. परातीत पाणी घेऊन ती किंचित कलती करून पाहा; सारे पाणी एका कडेला धावते. त्या मजल्यावर पाणी शिरले तर असेच घडते आणि जहाज अधिकच कलते. १० एप्रिल १९६८ रोजी लिटलटनहून आलेले ‘वाहिने’ हे जहाज वादळात वेलिंग्टन बंदराच्या मुखाशी खडकावर आदळले, पुढे त्याच्या वाहनमजल्यावर पाणी साचले आणि ते कलंडले. त्या दिवशी ५१ जण मृत्यू पावले. आजही वारा फार असला तर फेऱ्या रद्द होतात. म्हणून शहाणा प्रवासी एखादा दिवस हाताशी राखून ठेवतो.

खर्चाची गोष्ट अशी की, वाहन व निवारा एकच असल्याने वेगळे भाडे वाचते आणि स्वतः रांधल्याने जेवणाचा खर्च घटतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा तेथील उन्हाळा, त्यामुळे दर चढे. एप्रिल-मेमध्ये ते उतरतात. पुष्कळ प्रवासी उत्तरेकडून निघून दक्षिणेत गाडी सोडून देतात. तेव्हा ती परत पोहोचवणाऱ्यास भाड्याने देणाऱ्या कंपन्या थोडक्या दिवसांसाठी नाममात्र भाड्यात गाडी देतात. मात्र काही खर्च प्रथमदर्शनी दिसत नाहीत. फेरीबोटीचे भाडे वाहनाच्या लांबीवर ठरते. मागे सायकली टांगल्या तर तीही लांबी मोजली जाते. डिझेल पंपावर स्वस्त भासते, परंतु डिझेलच्या गाडीला किलोमीटरमागे रस्त्याचा निराळा कर द्यावा लागतो. थोडक्यात, अंथरूण पाहून पाय पसरायचे, तर अंथरूण आधी मोजावयास हवे.

मुक्कामासाठी तेथील संवर्धन खात्याची वाहनाने जाता येण्याजोगी २०० हून अधिक स्थळे आहेत. त्यांपैकी अगदी साधी स्थळे विनामूल्य असतात. याखेरीज सार्वजनिक जागी पैसे न देता मुक्काम करण्याची तेथील जुनी चाल आहे. परंतु प्रवासी वाढले, तसे काहीजण समुद्रकाठी व तळ्याकाठी घाण करून जाऊ लागले आणि स्थानिक लोक संतापले. २०११ साली त्याविषयी कायदा झाला. त्याने हा हक्क काढून घेतला नाही, पण स्थानिक संस्थांना कोठे मनाई असावी हे ठरवण्याचा अधिकार व दंडाची तरतूद दिली. २०२३ साली नियम आणखी कडक झाले. स्थानिक संस्थांच्या जागेवर वाहनात मुक्काम करावयाचा, तर सामान्यतः त्यात पक्का बसवलेला संडास हवा आणि तीन दिवस बाहेरून पाणी न घेता व सांडपाणी बाहेर न टाकता राहता येईल अशी व्यवस्था हवी. त्यासाठी माणशी दिवसाला किमान ४ लिटर पाण्याचा हिशोब धरतात. साठलेले मैलापाणी नेमून दिलेल्या ठिकाणीच रिकामे करावे लागते.

विद्यार्थिमित्रांनो, या प्रवासाचे खरे शिक्षण येथेच आहे. स्वतःच्या गरजा कमी करून जो पैसा वाचतो, ती काटकसर होय. परंतु आपला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकून जो पैसा वाचतो, ती काटकसर नव्हे. त्याची किंमत त्या गावच्या माणसांनी भरलेली असते. सहलीला जाताना, नदीकाठी वनभोजन करताना, किंबहुना आपल्याच शाळेच्या आवारात डबा खाताना हा भेद आपणास पडताळून पाहता येईल. ज्याला बिऱ्हाड पाठीवर घेऊन मोकळेपणाने हिंडावयाचे आहे, त्याने त्या बिऱ्हाडाचा केरही आपल्याच पाठीवर वाहिला पाहिजे. तसे न केल्यास आज आपल्याला मिळालेली मोकळी जागा उद्या कोणालाच मोकळी राहत नाही.