माळ्याचा गारवा

मे महिन्यात रात्री अकरा वाजताही टॉप फ्लोअरचा पंखा गरम वाराच फेकतो, हे हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको. आता माझगावच्या म्हातारपाखाडीतली जुनी कौलारू घरं आठवा. अशा घराला फळ्यांचा माळा असला, की तापल्या कौलांची धग थेट डोक्यावर येत नाही. मधे फळ्या असतात आणि माळ्यावरची गरम हवा कौलांच्या फटींतून निघून जाते.

स्लॅबला ही सोय नाही. तो दिवसभर तापतो आणि रात्रभर ती उष्णता खाली सोडतो. खोलीतल्या हवेचं तापमान ठीक असलं तरी छताच्या रेडिएशननं आपण भाजतो.

हिशोब सोपा आहे. उष्णतारोध म्हणजे जाडी भागिले वाहकता. १५० मिमी काँक्रीट, वाहकता साधारण १.५ : रोध ०.१. ५० मिमी थर्माकोल, वाहकता ०.०३५ : रोध सुमारे १.४. जाडी एक तृतीयांश, रोध चौदापट! मात्र हा थर गच्चीवर, वॉटरप्रूफिंगसकट घालायचा. खोलीच्या छताला उघडा थर्माकोल चिकटवायचा जुगाड कोणी करू नका, तो पेटतो.

आणि रात्री खिडक्या उघड्याच ठेवा, नाहीतर माणसांची नि कॉम्प्युटरची उष्णता आतच कोंडते. मुंबईच्या घामावर थर्माकोलचा उपाय नाही, त्याला वाराच लागतो.