एक्स-रे स्वच्छ, कुत्रा बेजार

डाल्मेशियन घ्यायचा असेल तर ठिपके मागाहून बघा, आधी त्याच्या लघवीचं समजून घ्या, असं मी सुरतेतल्या उधन्यात विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. लोक हसतात.

आमच्या राजाची लघवी ऐन मे महिन्यात तुंबली. पाय वर करून ताटकळत उभा राहायचा आणि दोन थेंब पडायचे, तेही लालसर. एका दवाखान्यात एक्स-रे काढला. स्वच्छ! ‘सुरतेची गरमी आहे, ताक पाजा’ म्हणून घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी पोट टणक झालं, ओकाऱ्या सुरू. दुसरीकडे सोनोग्राफी केली तेव्हा मूत्राशयाच्या तळाशी खडे दिसले, एक पुढे नळीत रुतलेला. नर कुत्र्याच्या लिंगात हाड असतं, तिथे मूत्रनळीला पसरायला जागा नसते. खडा नेमका तिथेच अडतो. डॉक्टरांनी पाण्याच्या दाबाने तो मागे ढकलला आणि ऑपरेशन करून सगळे काढले. मोहरीएवढे, हिरवट-पिवळे, गुळगुळीत.

हे खडे युरेटचे, साध्या एक्स-रेत बहुधा उमटत नाहीत. म्हणून डाल्मेशियन कुंथायला लागला की सोनोग्राफीच मागा. लघवी पूर्ण बंद असेल तर सकाळची वाट बघू नका, मूत्रपिंडं जातात.

इतर कुत्र्यांचं यकृत युरिक अॅसिडचं अॅलँटॉइन करतं, ते पाण्यात सहज विरघळतं. डाल्मेशियनच्या यकृतातही त्यासाठीचं एन्झाइम असतं. पण एसएलसी२ए९ जनुकातल्या दोषामुळे युरिक अॅसिड पेशीत नीट शिरतच नाही. इतरांच्या लघवीतून ते दिवसाला १० ते ६० मिलिग्रॅम जातं, याच्या ४०० ते ६००. सगळ्यांना खडे होतात असं नाही, पण नरांना धोका जास्त.

आमच्याकडे कलेजी म्हणजे ताकद. मटणवाला प्रेमाने बांधून द्यायचा. पण ती युरिक अॅसिड वाढवते, म्हणून बंद केली. गुर्दा, तारली, सुकटही बंद. अंडं, पनीर, भात, दुधी चालतो. मांस अगदी तोडायचं नसतं, प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. जेवण आमटीसारखं पातळ करायचं आणि झोपण्याआधी एक फेरी मारायचीच, लघवी रात्रभर साठून घट्ट व्हायला नको. तपासणीत विशिष्ट गुरुत्व १.०२० च्या खाली आणि पीएच ७ च्या आसपास राहिला की बरं.

युरिक अॅसिड कमी करणाऱ्या अॅलोप्युरिनॉलबद्दल मात्र जपून. खाण्यावर बंधन न ठेवता ती गोळी दिली तर युरेटऐवजी झँथिनचे खडे होतात. आजोबांच्या गाउटच्या डबीतून काढून देणारे महाभाग मी पाहिलेत.

अमेरिकेत रॉबर्ट शायबल यांनी १९७३ मध्ये पॉइंटरशी संकर करून निर्दोष वंशाची सुरुवात केली. तिथल्या केनेल क्लबने तो नोंदवून घ्यायला २०११ उजाडलं. असं पिल्लू आहे म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर जनुक-चाचणीचा कागद बघा. साध्या डाल्मेशियनची चाचणी करण्यात अर्थ नाही, दोष जवळजवळ सगळ्यांत आहेच. बुलडॉगचं वेगळं: त्यांच्यात काहींना असतो, काहींना नसतो, आणि आई-बाप दोघंही धडधाकट दिसत असून पिल्लात तो उतरू शकतो. तिथे चाचणीचे पैसे वसूल होतात.