न उघडणारे चित्र

ठाणे जिल्ह्यात, मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत, तारोडी हे गाव आहे. जवळच चौक येथे धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. वसईच्या मोहिमेत, इ. स. १७३९ मध्ये, मराठ्यांनी हा किल्ला जिंकला. समजा, तारोडीच्या एका मुलीने मामांच्या आयफोनने या अवशेषांचे छायाचित्र काढले आणि ते शाळेच्या संगणकावर नेले. फोनमध्ये स्वच्छ दिसणारे ते चित्र तेथे काही केल्या उघडेना. चित्र नासले असे समजून तिने ते पुसून टाकावे काय? मुळीच नाही. आधी कारण शोधावे.

त्या मोहिमेच्या काळी मराठी पत्रव्यवहार बहुधा मोडी लिपीत चाले. केवळ बाळबोध जाणणाऱ्याच्या हाती मोडी पत्र दिले, तर भाषा मराठी असूनही त्याला अक्षर लागत नाही. म्हणून पत्र कोरे ठरत नाही. वाचणाऱ्यास ती लिपी येत नसते, एवढेच. चित्राच्या फाईलचेही असेच आहे.

संगणकात चित्र संख्यांच्या रूपाने साठविलेले असते. त्या संख्या मांडण्याच्या अनेक रीती आहेत. जेपेग ही रीत १९९२ साली प्रमाण ठरली. पीएनजी १९९६ साली प्रसिद्ध झाली. ॲपल कंपनीने २०१७ साली आयफोनमध्ये एचईआयसी ही रीत आणली. तिला जेपेगपेक्षा पुष्कळ कमी जागा लागते. परंतु विंडोज प्रणालीच्या कित्येक संगणकांवर ती वाचण्यासाठी निराळे सॉफ्टवेअर घालावे लागते. चित्र न उघडण्याचे एक कारण हे होय.

अशा वेळी काही जण फाईलच्या नावाचे शेवटचे अक्षर बदलून तेथे ‘जेपेग’ लिहितात. पण मोडी पत्राच्या पाकिटावर ‘बाळबोध’ असे लिहिल्याने आतील अक्षर थोडेच पालटते? फाईलची खरी ओळख तिच्या आरंभीच्या संख्यांत असते. जेपेग फाईलच्या प्रारंभी २५५ व २१६ या संख्या असतात. पीएनजीच्या प्रारंभी १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १० या आठ संख्या असतात. यांतील १३ व १० मोठ्या युक्तीने योजिल्या आहेत. मजकुरातील ओळ संपली हे दाखविण्यासाठी विंडोज १३ व १० या दोन्ही संख्या वापरते, तर लिनक्स केवळ १० वापरते. एखाद्या सॉफ्टवेअरने चित्राला मजकूर समजून या खुणा बदलल्या, तर चित्र बिघडते. आरंभीच्या संख्या मोडलेल्या दिसताच हे नुकसान वाटेत झाले, असे कळून येते.

तेव्हा चित्र उघडत नसेल, तर पुढील क्रमाने वागावे. प्रथम मूळ चित्र फोनमध्ये जपून ठेवावे आणि सर्व प्रयोग प्रतीवरच करावेत. मग मूळ फाईल व प्रत यांचे आकार ताडून पाहावेत. प्रत लहान भरली, तर ती अपुरी उतरली असण्याचा संभव असतो. ती पुन्हा आणावी. आकार सारखेच असतील, तर ती रीत जाणणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरने उघडून पाहावे. तेही न साधल्यास योग्य सॉफ्टवेअरने प्रतीचे जेपेगमध्ये रूपांतर करावे. पुढील छायाचित्रे प्रथमपासूनच जेपेगमध्ये घेण्याची सोय आयफोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये आहे.

पडलेल्या भिंतीचे किंवा घरातील वडीलधाऱ्या माणसांचे छायाचित्र पुन्हा काढता येईलच असे नाही. जे आपणास वाचता येत नाही, ते नष्ट झाले असे मानू नये. वाचण्याची रीत शोधावी. तोवर मूळ वस्तू जतन करावी.

स्वाध्याय

१. मोडी पत्राचा दृष्टान्त लेखकाने कशासाठी दिला आहे?
२. फाईलचे नाव बदलून चित्र का उघडत नाही?
३. पीएनजीच्या आरंभी १३ व १० या संख्या असल्याने कोणता लाभ होतो?
४. वाक्यात उपयोग करा : अक्षर लागणे, ताडून पाहणे, जतन करणे.