गाणे वाजले, पैसा कोणाचा?

कर्जत लोकलमध्ये माणूस कानात बोंडे घालून गाणी ऐकतो. खोपोलीच्या रिक्षातही गाणे चालूच असते. ते आता मोबाईलच्या रेडिओवरून येते. वाजवणाऱ्या कंपनीला जाहिरातीचे आणि वर्गणीचे पैसे मिळतात. मग ज्याने गाणे लिहिले, ज्याने चाल लावली, ज्याने ते म्हटले, त्याला काय मिळते?

त्याचा वाटा असतो. त्याला रॉयल्टी म्हणतात. शेताचा खंड असतो तसाच हा प्रकार. खंड देण्याचे दुःख आपल्या बापजाद्यांना पुरते ठाऊक होते. पण इथे खंड घेणारा हा कष्टकरी आहे, हे विसरू नये.

कॉपीराइटचा कायदा 1957 चा. तरी कवीला आणि संगीतकाराला बहुधा एकदाच रक्कम मिळे. 1977 साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की, पैसे देऊन सिनेमासाठी गाणे करून घेतले तर हक्क निर्मात्याचा. गायकांचे तर विचारूच नका. साठीच्या दशकात लता मंगेशकरांनी गायकाच्या रॉयल्टीचा आग्रह धरला. महंमद रफींना तो पटला नाही, आणि दोघांनी काही वर्षे एकत्र गाणे सोडले.

2012 साली कायदा बदलला. आता कवी किंवा संगीतकार गाण्याचा हक्क कंपनीला देऊ शकतो, पण रॉयल्टीचा वाटा सोडून देऊ शकत नाही. सोडतो असे लिहून दिले तरी ते चालत नाही. वसुलीसाठी तो वाटा संस्थेकडे सोपवता येतो, किंवा वारसांना देता येतो, एवढेच. गायकालाही वाटा मिळाला.

आता वसुली कशी होते ते पाहू. गाणे किती वेळा वाजले याची नोंद मोबाईलच्या कंपनीकडे असते. आयपीआरएस नावाची संस्था 1969 पासून आहे. ती कवी आणि संगीतकारांसाठी पैसे गोळा करते आणि आपल्या वहीतली नावे पाहून वाटते. गायकांची संस्था वेगळी आहे. वहीत नाव नसेल तर पैसे कोणाला द्यायचे हे संस्थेला कळणार कसे?

साध्या रेडिओला सरकारी दराने गाणी वाजवता येतात. मोबाईलवरच्या गाण्यांना ती सवलत नाही, असे मुंबई हायकोर्टाने 2019 साली ठरवले. त्यांना मालकाशी करार करावाच लागतो. अमेरिकेत इंटरनेट रेडिओच्या दर शंभर रुपयांतले 50 ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, 45 मुख्य कलावंताला आणि 5 साथीदारांना जातात. ढोलकीवाल्याचाही विचार केला, हे आम्हाला फार आवडले.

आपल्याकडे लग्नात धवलारीण धवले म्हणते. ते जुने धवले कोणा एकाचे नाहीत. पण तिचे गाणे कोणी मुद्रित केले, तर त्या गाण्यावर कलावंत म्हणून तिचा हक्क 50 वर्षे आहे. मुद्रण करणारे मात्र तिचे नावही लिहीत नाहीत, हे आम्हाला खटकते.

खालापूरच्या एखाद्या बँजो पार्टीने नवे गाणे मुद्रित केले आणि कोणी कागद पुढे केला, तर ‘एकरकमी’ आणि ‘सर्व हक्क’ हे शब्द कुठे आहेत ते शोधा. गाणे कोणी लिहिले, चाल कोणाची, कोण गायले, कोण वाजवले, ही नावे त्यात घालून घ्या. सहीची एक प्रत मागून घ्या. नाव बँकेच्या पासबुकात आहे तसेच लिहा. पासबुकात ‘पांडुरंग’ आणि कागदावर ‘पांडू’ असले, तर आलेले पैसे अडकून पडतात.