जुनी जिप्सी घेताना

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत वाहन घेणे हा केवळ सोयीचा वा हौसेचा प्रश्न नसून, पावसाळ्याच्या चार महिन्यांत नाल्यापलीकडच्या गावाशी आपला संबंध राहणार की तुटणार, याचा तो निर्णय असतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरापासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा आजही सुमारे दोन-तृतीयांश वनाच्छादित आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड जगापासून अलग होते. आणि सिरोंचा, एटापल्ली, धानोरा या तालुक्यांच्या आडरानात डांबरी सडक जेथे संपते, तेथून पुढे चिखल, वाळू आणि मुरूम यांचे राज्य सुरू होते. अशा मुलखात चारही चाकांना जोर पुरविणारी गाडी ही चैनीची वस्तू मानता येत नाही. परंतु ज्यांना तिची सर्वाधिक निकड असते, त्यांच्याच गाठीला पैसा सर्वांत कमी असतो, आणि म्हणून त्यांचे पाऊल स्वाभाविकपणे जुन्या गाड्यांच्या बाजाराकडे वळते.

या बाजारात ज्या गाडीचे नाव प्रथम निघते, ती मारुतीची जिप्सी. १९८५ च्या अखेरीस ती भारतात अवतरली तेव्हा तिला ९७० घनसेंटिमीटरचे लहान इंजिन आणि चार गिअर होते. १९९६ मध्ये ‘जिप्सी किंग’ या नावाने १२९८ घनसेंटिमीटरचे इंजिन व पाच गिअर आले, आणि २००० च्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन त्याची जागा इंधन-इंजेक्शनने घेतली. सामान्य ग्राहकांसाठी तिचे उत्पादन २०१९ च्या सुमारास थांबले, तरी सैन्यात, पोलीस दलात आणि वनखात्यात तिने दीर्घकाळ सेवा केली, आणि ताडोबाच्या मोहर्ली, कोलारा, नवेगाव या प्रवेशद्वारांवर पर्यटकांना घेऊन उभी असलेली उघडी हिरवी जिप्सी तर या प्रदेशाच्या दृश्याचाच एक भाग होऊन बसली आहे. तिचे वजन हजार किलोच्या आसपास, सांगाडा भक्कम, चारही बाजूंना कमानपाटे आणि रचना इतकी साधी की तालुक्याचा मिस्त्री ती झाडाखाली उघडू शकतो. २०२३ मध्ये बाजारात आलेल्या मारुतीच्याच नव्या जिम्नी गाडीची किंमत बारा लाखांच्या पुढे सुरू झाली. त्यामुळे अल्प भांडवलाच्या माणसाला जुन्या जिप्सीचा मोह पडावा, यात नवल नाही.

आमच्या कुटुंबात अशी गाडी आली ती आलापल्लीच्या बाजूला राहणाऱ्या माझ्या पुतण्याच्या निमित्ताने. एका मोठ्या शहरातील जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने ती दाखविली तेव्हा रंग ताजा होता, टायर नवे होते, इंजिन नुकतेच बांधलेले असल्याने आवाज एकसारखा होता, आणि खालची बाजू जाड काळ्या लेपाने झाकलेली होती. पहिल्याच पावसाळ्यात एका नाल्याच्या चढावर रुतलेली ती गाडी बाहेर काढली जात असता मागचा पाटा चेसिसला जेथे जोडलेला असतो तेथील लोखंड फाटले, आणि लेप खरवडल्यावर दिसून आले की सडलेल्या चेसिसवर पत्र्याचे तुकडे जोडून, वेल्डिंग करून, ते डांबरी रंगाखाली दडविण्यात आले होते. त्याच सुमारास नोंदणीची हकीकतही उघड झाली : मूळ मालकाने काढलेल्या कर्जाचा बोजा प्रमाणपत्रावर कायम होता, ‘आठ दिवसांत ना-हरकत आणून देतो’ हे विक्रेत्याचे आश्वासन महिनोन्‌महिने आश्वासनच राहिले, आणि तोवर गाडी नावावर होईना, विमा नावावर होईना, भाड्याने चालविण्याचा परवानाही मागता येईना. घरातील बायामाणसांनी जपून ठेवलेली पुंजी अशा रीतीने अंगणात उभी राहून गंजताना पाहणे किती क्लेशदायक असते, हे ज्याने पाहिले त्यालाच कळेल. आणि तो क्लेश इतरांच्या वाट्याला येऊ नये, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

गाडी तपासून ज्या मिस्त्रीने आम्हांला सत्य सांगितले, त्याचे वाक्य मी या साऱ्या विषयाचे सार मानतो. तो म्हणाला, “काकाजी, इंजिन मी पुन्हा बांधून देईन, गिअरपेटी उतरवून देईन; पण सडलेली चेसिस अन् अडकलेला कागद माझ्या पान्याने दुरुस्त होत नाही.” अल्प भांडवलाच्या ग्राहकाने आपली सारी परीक्षा या एका विवेकावर उभारावी. यंत्राचे जे भाग झिजतात ते बदलता येतात आणि त्यांची किंमत आधी काढता येते. लोखंडाचा सांगाडा आणि मालकीचे दस्तऐवज या दोन गोष्टी मात्र एकदा बिघडल्या की त्यांची दुरुस्ती गाडीच्या किमतीलाही पुरून उरते. विक्रेत्यांची रीत नेमकी उलट असते. ते इंजिन सुरू करून ऐकवितात, रंग दाखवितात, आणि ग्राहकाची नजर खाली वाकणार नाही व कागदाच्या तपशिलापर्यंत पोहोचणार नाही, याची दक्षता घेतात.

म्हणून गाडी पाहावयास जाताना दिवसाउजेडी जावे, अंगावर जुने कपडे घालावेत आणि विजेरी व लहान हातोडी बरोबर न्यावी. चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्यांवर पुढून मागेपर्यंत हलके ठोके द्यावेत. निकोप लोखंड खणखणते, सडलेले दबका आवाज देते. पाट्यांचे टेकू, स्टिअरिंगची पेटी जेथे बसते ती जागा आणि मागच्या चाकांच्या वरचा भाग येथे तडा वा वेल्डिंगची रेघ दिसते का, हे विशेष पाहावे. खालून नुकताच काळा लेप दिला असेल तर तो काही ठिकाणी खरवडण्याची परवानगी मागावी, आणि जो विक्रेता ती नाकारील त्याला नमस्कार करून परत यावे. आतील चटया उचलून तळाचा पत्रा पाहावा. आसनांचे बोल्ट गंजलेले असतील, डॅशबोर्डच्या मागे वा दिव्यांच्या काचेत गाळाची बारीक रेघ असेल, तर ती गाडी पुरात बुडून निघाली आहे असे समजावे. डिफरन्शियलचे तेल काढून पाहणे हेही याच परीक्षेचे अंग होय. ते दुधाळ दिसले तर नाला ओलांडताना पाणी आत शिरले आणि कोणी त्याची वास्तपुस्त केली नाही, असा त्याचा अर्थ असतो.

इंजिनाविषयी थोडक्यात सांगता येते. ते थंड असतानाच सुरू करवून घ्यावे, कारण गरम करून ठेवलेले इंजिन आपले दोष लपविते. निळा धूर तेल जळत असल्याचे सांगतो. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग वा इंजिनाच्या तेलात दुधाळपणा असेल तर हेडचे गॅस्केट गेलेले असते. आणि ज्या चंद्रपुरात उन्हाळ्यातील तापमान सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंशांपर्यंत चढते, तेथे रेडिएटर आणि पंखा यांची प्रकृती पाहिल्यावाचून सौदा करणे धाडसाचे ठरेल. या इंजिनात टायमिंग बेल्ट असतो. तो केव्हा बदलला याचा पुरावा नसेल तर घेताक्षणी बदलावा. पेट्रोलचा खर्चही हिशेबात धरावा, कारण जंगलच्या वाटेवर ही गाडी लिटरला दहा-बारा किलोमीटरांहून फारशी पुढे जात नाही.

चारही चाकांचा जोर हेच जिच्या खरेदीचे प्रयोजन, तिची ती शक्ती प्रत्यक्ष चालवून पाहिलीच पाहिजे, आणि तीही डांबरावर नव्हे तर वाळूत किंवा सैल मातीत. कारण या रचनेत पुढची-मागची चाके एकत्र जखडली जातात आणि कडक सडकेवर वळताना यंत्रावर नाहक ताण येतो. पुढच्या चाकांच्या मध्यावरील हब हाताने फिरवून जखडावेत, मग लिव्हर क्रमाने दोन चाकांतून चार चाकांत आणि मंद गतीच्या चार चाकांत टाकावा. तो चढावर आपोआप सुटत असेल, तर ट्रान्सफर पेटी झिजली आहे. ती पेटी हिंदकळत असेल, तर तिचे रबरी आधार तुटले आहेत. सडकेवर पन्नास-साठच्या वेगात स्टिअरिंग थरथरू लागले, तर पुढच्या एक्सलच्या किंगपिन आणि बेअरिंग यांचा खर्च किमतीतून वजा करण्यास सांगावे. गाडीखाली वाकून पुढची प्रोपेलर शाफ्ट जागेवर आहे की काढून टाकली आहे, हेही पाहावे.

सफारीत राबलेली जिप्सी स्वस्तात मिळते, म्हणून तिच्याविषयी स्वतंत्र सूचना आवश्यक आहे. तिच्या मीटरवरील आकडा लहान दिसला तरी त्यावर विसंबू नये. सकाळ-दुपारच्या फेऱ्यांत ती तासन्‌तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, धुळीच्या लोटांत, थांबत-थांबत चाललेली असते, आणि क्लच, एअर फिल्टर व इंजिन यांचे आयुष्य तेथे किलोमीटरांनी नव्हे तर तासांनी खर्ची पडते. शिवाय अशा गाडीचा टप कापून वा आसनांच्या जादा रांगा बसवून मूळ रचनेत बदल केलेला असेल, आणि तो बदल नोंदणी प्रमाणपत्रात दाखल नसेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची अडचण नव्या मालकाच्या गळ्यात पडते. ताडोबात गाडी लावण्याच्या हेतूने जे तरुण खरेदी करतात, त्यांनी आधी प्रवेशद्वारावरील वनाधिकाऱ्यांकडे चौकशी करावी. आत जाणाऱ्या वाहनांची संख्या मर्यादित असते, आणि गाडी विकत घेतल्याने तेथील फेऱ्यांचा क्रम आपोआप मिळत नाही.

आता दस्तऐवजांकडे वळू. शेतजमीन घेताना सातबाऱ्यावरील बोजा पाहिल्यावाचून जो शेतकरी इसार देत नाही, त्याने गाडी घेताना नोंदणी प्रमाणपत्र त्याच नजरेने वाचावे. कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव त्यावर असेल, तर फॉर्म ३५ आणि संस्थेचे ना-हरकत पत्र हाती आल्याखेरीज किमतीपोटी एक पैसाही देऊ नये. चेसिसवर कोरलेला क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक प्रमाणपत्राशी स्वतः रुजू करून पाहावा. विक्रेत्याची फॉर्म २९ वरील आणि उभयतांची फॉर्म ३० वरील स्वाक्षरी समक्ष घ्यावी; गाडी दुसऱ्या परिवहन कार्यालयाच्या हद्दीतली असेल, म्हणजे एमएच ३४ चंद्रपूर वा एमएच ३३ गडचिरोली यांबाहेरची असेल, तर फॉर्म २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि परराज्यातली असेल तर महाराष्ट्राचा कर भरून नवी नोंदणी करण्याचा खर्च त्यात मिळवावा लागतो. केवळ मुद्रांक कागदावर लिहून घेतलेल्या सौदाचिठ्ठीने नोंदणी बदलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात असा निर्णय दिला की अपघाताची जबाबदारी नोंदणीत ज्याचे नाव आहे त्याच्यावर राहते. हे विक्रेत्याला समजावून सांगितले म्हणजे नाव बदलून देण्याची घाई त्यालाही होते.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि त्यानंतर गाडी तपासून ती पाच-पाच वर्षांसाठी नव्याने करून घ्यावी लागते. महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण कराचाही भरणा असतो. जिप्सीचे उत्पादन थांबलेले असल्याने बाजारातील पुष्कळ गाड्या या मुदतीच्या जवळ वा पलीकडे आहेत, ही गोष्ट किंमत ठरविताना विसरू नये. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करावा. आणि प्रवासी वा रुग्ण भाड्याने नेण्याचा विचार असेल, तर खासगी नोंदणीची गाडी त्या कामाला कायद्याने चालत नाही. तिचे परिवहन वाहनात रूपांतर आणि परवाना यांची तजवीज आधी करावी. सैन्याच्या लिलावातून आलेल्या गाड्यांचेही असेच. लिलावाची मूळ कागदपत्रे आणि त्यानंतरची नागरी नोंदणी या दोन्ही दिसल्याशिवाय ती गाडी म्हणजे केवळ लोखंड समजावे.

पैशाच्या बाबतीत माझा सल्ला असा की हाती असलेल्या रकमेच्या तीन-चतुर्थांशांत बसेल तीच गाडी पाहावी, आणि उरलेला चौथा हिस्सा टायर, बॅटरी, सर्व तेले, सील, ब्रेक आणि नोंदणीच्या शुल्कासाठी राखून ठेवावा. टायरवरील चार आकड्यांत त्याच्या निर्मितीचा आठवडा आणि वर्ष असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुने रबर उन्हाने तडकते, आणि निर्जन रस्त्यावर ते जिवावर बेतते. स्वतःच्या ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा आणि त्याची दिवसाची मजुरी आनंदाने द्यावी. विक्रेत्याने सुचविलेला मिस्त्री घेऊ नये.

शेवटी गरजेचा विचार. वर्षातील बहुतेक दिवस ज्याला डांबरी वा पक्क्या सडकेवरूनच जायचे आहे, त्याने जिप्सीचा आग्रह धरू नये; ज्याचे सुटे भाग प्रत्येक तालुक्यात मिळतात आणि जे डिझेलवर चालते, असे साधे बोलेरोसारखे वाहन त्याला अधिक किफायतशीर पडेल. पण ज्याच्या गावाची वाट खरोखरीच नाल्यातून जाते, त्याने निकोप चेसिसची आणि निर्वेध कागदांची, भले इंजिन थकलेली, रंग उडालेली गाडी घ्यावी. चकचकीत रंगाची, बांधलेल्या इंजिनाची आणि संशयास्पद कागदांची घेऊ नये. माझ्या तरुण बांधवांना माझी कळकळीची विनंती आहे की, ना-हरकत पत्र हातात पडेपर्यंत आणि चेसिस डोळ्यांनी पाहून होईपर्यंत इसाराची रक्कमही देऊ नका.